ज्यूल व्हर्नचं माहेर आणि सासर

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हातात पडला, की मुलांना जेवायला दहा हाका माराव्या लागत. पाणबुडी, चंद्राकडे झेपावणारा तोफेचा गोळा, ऐंशी दिवसांत जगाची फेरी! पण हे सारं ज्याच्या डोक्यातून निघालं तो राहत कुठे होता, त्याचं घर कोण सांभाळत होतं, हे मुलं विचारत नाहीत. ते आपणच विचारायला हवं.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ चा, फ्रान्समधल्या नाँत या बंदराच्या गावचा. वडील वकील. ल्वार नदीतल्या एका बेटावर जन्मघर आणि जवळच गलबतांच्या डोलकाठ्या. (आता ते बेट राहिलेलं नाही. विसाव्या शतकात नदीचे फाटे बुजवून टाकले.) नात्यातल्या एका मुलीला पोवळ्यांची माळ आणायची म्हणून अकराव्या वर्षी पठ्ठ्या जहाजावर पळाला नि वडिलांनी वाटेतच गाठून परत आणला, अशी एक गोष्ट सांगतात. ती घराण्यातल्याच एका बाईंनी १९२८ साली छापली. अभ्यासकांचा आज तिच्यावर विश्वास नाही. पण घराण्यातल्या अशा गोष्टी कुणी कितीही खोडल्या तरी जात नाहीत, हे तुम्हां-आम्हांला काय सांगायला हवं!

या जन्मगावानं त्याचं संग्रहालय उघडलं ते १९७८ साली, जन्माला दीडशे वर्षं झाली तेव्हा. नदीकाठच्या टेकडीवरचा एकोणिसाव्या शतकातला एक ऐसपैस बंगला त्यासाठी निवडला. गंमत अशी, की या बंगल्यात व्हर्न कधी राहिलेलाच नाही! खिडकीतून दिसणारी नदी तेवढी त्याची. आत त्याची सोनेरी वेलबुट्टीच्या बांधणीची जुनी पुस्तकं, चित्रं, यंत्रांचे नमुने. त्याची हस्तलिखितं नाँत शहरानं १९८१ साली कुटुंबाकडून घेतली. तो आधी पेन्सिलीनं लिहायचा आणि मग त्यावरूनच शाईनं गिरवायचा. टेकडीवर बाकावर बसलेला लहानगा ज्यूल आणि समोर उभा कप्तान नेमो, असे पुतळेही आहेत.

गावात त्याच्या नावाची हौसही मोठी. बंद पडलेल्या जहाजगोदीच्या जागी २००७ पासून बारा मीटर उंचीचा एक यांत्रिक हत्ती माणसांना पाठीवर घेऊन डुलत डुलत चालतो. व्हर्ननं १८८० साली वाफेवर चालणाऱ्या हत्तीची कादंबरी लिहिली होती, ती आपल्या हिंदुस्थानातली. तिच्यात नानासाहेब पेशव्यांना त्यानं खलनायक केलंय, ते मात्र मराठी मनाला खटकतं. आणि याच माणसानं आपला लाडका नेमो बुंदेलखंडातला राजपुत्र, सत्तावन्नच्या उठावात लढलेला, असा दाखवला! हिंदुस्थानात त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

संग्रहालय चांगलंच आहे, पण घर पाहायला म्हणून जाल तर हिरमोड होईल. व्हर्नचं घर पाहायचं तर त्याची सासुरवाडी गाठावी लागते. ती आमियाँची, पॅरिसच्या उत्तरेला.

१८५६ साली मित्राच्या लग्नाला म्हणून तो आमियाँला गेला. तिथे नवरीची बहीण भेटली, ओनोरीन. सव्वीस वर्षांची विधवा, पदरी दोन मुली. पुढच्याच जानेवारीत दोघांचं लग्न झालं. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा नेमका १८५६ चा, आणि तो कागदावरून घरात यायला किती वर्षं गेली ते आपण जाणतो. तिकडे हे तुलनेनं सोपं होतं. तरी दोन मुलींसह बायको करायची म्हणजे पोटापाण्याचं बघायला हवं. वडिलांकडून पैसे घेऊन तो शेअरबाजारात दलाल झाला. पहाटे उठून लेखन, मग बाजार. पहिली कादंबरी आली ती १८६३ साली.

१८७१ मध्ये बायकोच्या इच्छेखातर त्यानं आमियाँला बिऱ्हाड केलं आणि १९०५ साली मरेपर्यंत तो तिथलाच झाला. आपल्याकडे घरजावई म्हणून चिडवलं असतं! तिथे स्थिरावला नि ऐंशी दिवसांची कादंबरी लिहिली. तिच्यातली औदा आठवते? मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, मनाविरुद्ध म्हाताऱ्या राजाला दिलेली, त्याच्या चितेवरून सोडवलेली. शेवटी फिलियस फॉगला लग्नाचं विचारते तीच. हे लिहिताना त्याच्या मनात आपलीच बायको होती, असं म्हणायला पुरावा नाही. मला आपलं तसं वाटतं.

१८८२ ते १९०० ही अठरा वर्षं ज्या भाड्याच्या घरात गेली, ते गोल मनोऱ्याचं विटांचं घर आमियाँ शहरानं १९८० साली विकत घेतलं. दिवाणखाना, जेवणघर, काचेच्या छताखालची बाग, सगळं ऐटबाज. आणि लेखकाची खोली? एवढीशी! नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार मुलगी १८८९ साली फॉगचा विक्रम मोडायला एकटी निघाली, तेव्हा वाट वाकडी करून इथे आली होती. नवराबायको दोघंही तिला घ्यायला स्टेशनवर हजर. ती खोली पाहून तिला नवल वाटलं. एक टेबल, कागदांचा नीट लावलेला गठ्ठा, दौत, टाक. बस्स. निघताना ओनोरीननं तिचे मुके घेतले. नेली बहात्तर दिवसांत परतली.

घरच्या माणसांच्या हाती काय काय राहून जातं पाहा. १९८९ मध्ये व्हर्नच्या पणतवाला एका जुन्या तिजोरीत त्याची अख्खी कादंबरी सापडली, विसाव्या शतकातल्या पॅरिसची. तिजोरीची किल्ली हरवलेली, म्हणून ती रिकामीच असणार असं सगळे धरून चालले होते. प्रकाशकानं नाकारलेलं ते हस्तलिखित १९९४ साली छापून आलं.

मुलगी-जावई तिकडे असतील आणि तुमचं पॅरिसला जाणं झालं, तर आगगाडीनं नाँत दोन-सव्वादोन तास, आमियाँ तासा-सव्वातासावर. बरोबर नातवंडं असतील तर नाँतला जा, हत्ती सोडून ती हलणार नाहीत. एकट्या असाल तर मी आमियाँच सुचवीन.