आधी सांधा तपासा, मग दाढ

नंदुरबार जिल्ह्यात शहादा-तळोद्याकडे ऊस दातांनीच सोलून खायची पद्धत आहे. थंडीत दोन-तीन कांड्या सोलल्या की दुसऱ्या दिवशी कानापुढे ठणका लागतो, जांभई देताना ‘कट्’ आवाज येतो. माणूस म्हणतो, दाढ दुखतेय. पुष्कळदा दाढेचा काही गुन्हा नसतो.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. उजवा आणि डावा, दोन्ही एकाच हाडाला जोडलेले, म्हणून एकाने कुरकुर केली की दुसऱ्यालाही झळ बसते. तोंड उघडताना सांध्याचे डोके आधी जागच्या जागी फिरते, साधारण 20 ते 25 मिलिमीटरपर्यंत. पुढे ते कूर्चेच्या चकतीसह पुढे घसरते. चकती जागेवरून सरकली की आवाज येतो. नुसत्या आवाजाला, दुखत नसेल तर, उपचार लागत नाही. दुखणे बहुधा स्नायूंचे असते: गालातला चावण्याचा स्नायू आणि कानशिलावरचा पंख्यासारखा स्नायू. झोपेत दात खाणारे, ताणात दातांवर दात दाबून बसणारे यांचे हे स्नायू दमतात.

डिसेंबर 2023 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शिका छापली. वर ठेवले ते साधे उपाय: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि स्नायूंना ताण देणे, हाताने सांधा हलवणे, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबणे, मानेची ठेवण सुधारणे आणि मनावरचा ताण हलका करणारे समुपदेशन. चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला. धडगावच्या डोंगरातल्या माणसाला यात दिलासा आहे: एकदा नीट शिकून घेतले की व्यायामाला यंत्र लागत नाही.

पहिला धडा विश्रांतीचा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे. जेवण सोडले तर दिवसभर दात एकमेकांना लागायचे कारणच नाही. मग जीभ तिथेच ठेवून आरशासमोर हळूहळू तोंड उघडायचे. जीभ टाळूला असल्याने तोंड फार उघडतच नाही. सांधा फक्त फिरतो, घसरत नाही. हनुवटी एका बाजूला जात असेल तर आरशात दिसते, ती मध्यावर आणायची. चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांनी असे 6 व्यायाम, प्रत्येकी 6 वेळा, दिवसातून 6 वेळा असा क्रम लोकप्रिय केला. व्यायामाआधी गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके 15 मिनिटे गालावर ठेवावे आणि गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत बोटांनी हलके चोळावे. दुखरे दिवस मऊ खिचडीवर काढा. ऊस आणि कडक भाकरीचा काठ नंतर.

आता आपल्या भागातली खरी अडचण. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील आणि तोंडाची आगही होत असेल, तर मामला सांध्याचा नसण्याची शक्यता मोठी. नंदुरबारच्या मिरचीत वाढलेल्या माणसाला साधी आमटी झोंबू लागली तर सावध व्हावे. सुपारी-गुटख्याने तोंडाच्या आतले अस्तर दोरीसारखे ताठ होते. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो हे कोणापासून लपलेले नाही. व्यायामाने या रुग्णांचेही तोंड थोडे उघडते, पण सुपारी सुटली नाही तर व्यायाम वाया जातो, आणि या ताठरपणातून पुढे कॅन्सर होऊ शकतो.

काही दुखण्यांना घरगुती उपाय चालत नाहीत. जखमेनंतर बसलेली दातखीळ, उघडे राहून अडकलेले तोंड, किंवा चालताना घामासह जबड्यात येणारी कळ, जी हृदयाची असू शकते. अशा वेळी तडक रुग्णालय गाठा.

बाकीच्यांनी दाढ काढायला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच सांगावे: एकदा कानापुढचा सांधा आणि गालाचे स्नायू दाबून बघा.