दहावी पास म्हणजे नेमके काय?

भिगवणच्या मासळी बाजारात पहाटे जाळ्यातली मासळी लावणारी कितीतरी पोरे शाळेत जातात. काहींची शाळा मधेच सुटते. दोघांच्याही घरी प्रश्न एकच असतो: दहावी पदरात पडायला काय लागते?

ही परीक्षा राज्य मंडळ घेते. मंडळाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि भिगवण पुणे विभागातच येते. विषय सहा, एकूण गुण 600. भाषेच्या विषयात 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणून तोंडी परीक्षा आणि गृहपाठ हलक्यात घेऊ नयेत. पास व्हायला 100 पैकी 35 गुण लागतात. 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी, 75 टक्क्यांना विशेष प्रावीण्य. टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात.

एक-दोन विषय राहिले म्हणून वर्ष वाया जात नाही. एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात.

शाळा सुटलेल्यांसाठी '17 नंबरचा फॉर्म' आहे. तो भरून खासगी विद्यार्थी म्हणून त्याच परीक्षेला बसता येते. परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर असली, तरी फॉर्मची चौकशी पावसाळ्यातच जवळच्या शाळेत करावी. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा. तो आधी मागतात.

जाळे फाटले तर आपण ते पुन्हा विणतो. सुटलेल्या शिक्षणाचेही तसेच करावे.