शक्तिपीठ महामार्ग: नकाशावरची लाल रेघ तुमच्या शेतात पोहोचण्याआधी काय काय होतं?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा येतो. त्यावर एक लाल रेघ आणि खाली मेसेज: "बघा, आपला गट जातोय का." मग दिवसभर चर्चा. कुणी म्हणतं चौपट मोबदला मिळणार, कुणी म्हणतं दुप्पटच, कुणी म्हणतं रस्ता रद्द झाला. संध्याकाळी दुसरा नकाशा येतो आणि त्यात रेघ भलतीकडेच असते.

सोलापूर जिल्ह्यात शक्तिपीठ महामार्गाबद्दल सध्या असंच चाललंय. नातेपुत्याला महामार्ग तसा नवा नाही. ज्ञानेश्वर माऊलींचा पालखी सोहळा फलटणकडून येऊन इथे मुक्काम करतो आणि तोच रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ झालाय. ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. दिवे घाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पायी चालायची वेगळी वाट, असं ते काम. पण पालखी मार्ग हा जुनाच रस्ता होता, तो रुंद झाला. शक्तिपीठचं तसं नाही. जिथे आज रस्ताच नाही, अशा शेतांतून आणि पुढे सह्याद्रीच्या जंगलातून तो नव्याने जाणार आहे.

म्हणून हे नीट समजून घेऊ. रस्ता चांगला की वाईट, हे तुम्ही ठरवा. पण नकाशावरची रेघ खरी कधी होते आणि आपलं म्हणणं मांडायची संधी नेमकी कुठे असते, हे माहीत असलेलं बरं.

आधी प्रकल्प काय आहे?

वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणारा सहापदरी द्रुतगती महामार्ग. मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. मूळ आखणीत लांबी ८०२ किलोमीटर, जिल्हे १२ आणि खर्चाचा अंदाज सुमारे ८६ हजार कोटी रुपये. काम रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे ज्यांनी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग केला त्यांच्याकडेच.

माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई ही तीन शक्तिपीठं जोडणार म्हणून हे नाव. शिवाय औंढा नागनाथ, परळी, पंढरपूर अशी देवस्थानंही वाटेत येतात. नागपूर ते गोवा हा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल, असं सरकार सांगतं. मराठवाड्यातल्या दुष्काळी जिल्ह्यांना मोठ्या रस्त्याचा फायदा होईल, हा सरकारचा दुसरा मुद्दा.

विरोध करणाऱ्यांचा पहिला प्रश्न साधा आहे: रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग बऱ्याच अंतरापर्यंत याच दिशेने जातो, मग बागायती जमिनी घेऊन दुसरा रस्ता कशाला?

मग रस्ता रद्द झाला की मंजूर झाला?

दोन्ही मेसेज फिरतात, कारण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडल्यात.

२०२४ च्या सुरुवातीला भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या आणि कोल्हापूर, सांगलीत आंदोलन पेटलं. राजू शेट्टी आणि सतेज पाटील विरोधात पुढे होते, पण सत्ताधारी पक्षांतल्या काही स्थानिक नेत्यांनीही विरोध नोंदवला. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली. 'रद्द झाला' हा मेसेज तिथला.

पुढे २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मंजुरी दिली आणि २०,७८७ कोटींची तरतूद मान्य केली. त्यातले १२ हजार कोटी सुमारे साडेसात हजार हेक्टर जमिनीच्या संपादनासाठी हुडकोकडून कर्ज, आणि उरलेले ८,७८७ कोटी व्याजापोटी. लगेच १ जुलैला, कृषी दिनी, शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. मग डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सोलापूरपासून पुढे चंदगडपर्यंतची आखणी बदलली जाईल.

मूळ आखणीत सोलापूर जिल्ह्यातले मोहोळ, पंढरपूर, सांगोला हे तालुके होते. रेघ हलली की एका गावाचा जीव भांड्यात पडतो आणि दुसऱ्या गावाची झोप उडते.

रेघ खरी कधी होते?

पहिली पायरी आखणीची. सल्लागार कंपनी उपग्रहाचे फोटो आणि सर्व्हे वापरून दोन-तीन पर्याय काढते. व्हॉट्सॲपवर फिरणारे नकाशे बहुतेक याच टप्प्यातले असतात. त्यांना कायद्याने काही अर्थ नाही.

दुसरी पायरी अधिसूचनेची. राजपत्रात गावाचं नाव, गट नंबर आणि क्षेत्र छापून येतं, तेव्हा ती रेघ तुमची होते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं कलम ३-अ लागतं. ही अधिसूचना दोन स्थानिक वर्तमानपत्रांतही द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. शक्तिपीठ राज्याचा रस्ता आहे, म्हणून त्याला १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग कायदा लागतो. चाल साधारण तीच.

तिसरी पायरी हरकतीची, आणि घोळ होतो तो इथेच. राष्ट्रीय महामार्गात अधिसूचनेपासून २१ दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते, म्हणजे बहुतेक वेळा प्रांताधिकाऱ्यांकडे. माळशिरस तालुक्यासाठी प्रांत कार्यालय अकलूजला आहे. पेपरातली जाहिरात नजरेतून सुटली तर हे २१ दिवस कळायच्या आत संपतात. मोर्चात गेलो म्हणजे हरकत नोंदली, असं होत नाही. आणि 'माझा विरोध आहे' एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर, विहीर, पाइपलाइन, जमिनीचे दोन तुकडे होऊन पलीकडचा तुकडा कसा अडकतो, पाण्याचा उतार कुठल्या बाजूला आहे, हे सगळं लिहावं लागतं.

त्यानंतर संयुक्त मोजणी. महामंडळ, भूमी अभिलेख, महसूल आणि गरजेप्रमाणे कृषी व वन खात्याची माणसं जागेवर येतात. गावोगाव मोजणी अडवली जाते ती याच टप्प्यावर. शेवटी संपादनाची घोषणा होते, जमीन सरकारजमा होते आणि मोबदल्याचा निवाडा निघतो. राष्ट्रीय महामार्गात घोषणेनंतर भांडण मुख्यतः पैशाचं उरतं. रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं, पण रस्ता कुठून जावा हा विषय तोवर मागे पडलेला असतो.

एक मोठा टप्पा मात्र इथे नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती केली आणि राज्य महामार्ग कायद्यासारख्या काही कायद्यांखालच्या संपादनाला त्यातून सूट दिली. मोबदला २०१३ च्या कायद्याप्रमाणे, पण तो अभ्यास नाही.

चौपट की दुप्पट?

हिशोब असा. समजा जमिनीचा बाजारभाव एकरी १० लाख ठरला. ग्रामीण भागात त्याला एक गुणांक लावतात, तो १ ते २ च्या मध्ये असतो आणि राज्य सरकार ठरवतं. आलेल्या रकमेवर तेवढीच दिलासा रक्कम मिळते.

गुणांक २ असेल तर १० चे २० लाख, वर दिलासा २० लाख, एकूण ४० लाख. हे झालं चौपट. गुणांक १ असेल तर १० लाख आणि दिलासा १० लाख, एकूण २० लाख. हे झालं दुप्पट. २०२१ मध्ये राज्याने महामार्गांसाठी गुणांक २ वरून १ वर आणला. तेव्हापासून प्रत्येक महामार्गाच्या आंदोलनात 'चौपट द्या' ही घोषणा ऐकू येते. समृद्धीत सहमतीने थेट खरेदी देणाऱ्यांना २५ टक्के जास्त मिळाले होते.

पण खरी मेख त्या '१० लाखां'त आहे. बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा दर पाहतात आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं पाहतात. त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी धरतात. जो आकडा मोठा, तो घेतात. आता खरेदीखतात किंमत कमी दाखवून मुद्रांक शुल्क वाचवायची सवय आपल्याकडे किती जुनी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तीच सवय इथे आडवी येते.

विहीर, झाडं, घर, पाइपलाइन यांचं मूल्यांकन वेगळं होतं. मोजणीच्या कागदावर त्यांची नोंद झाली नाही तर पैसेही नाहीत. आणि सातबारावर अजून आजोबांचंच नाव असेल, किंवा भावाभावांत वाद असेल, तर पैसे कोर्टात जाऊन पडतात.

जमिनीपलीकडचं नुकसान

द्रुतगती महामार्गावर कुठूनही चढता-उतरता येत नाही, फक्त इंटरचेंजवरून. शेताशेजारून रस्ता गेला म्हणून हॉटेल टाकू, असं गणित इथे जुळत नाही. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर पलीकडे न्यायचा तर जवळचा भुयारी मार्ग शोधावा लागतो. तो कुठे असावा, हे हरकतीच्या टप्प्यावरच मांडायला हवं.

दुसरा मुद्दा भरावाचा. कोल्हापूरकरांचा विरोध तीव्र आहे त्यामागे २०१९ आणि २०२१ चे महापूर आहेत. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्यामुळे बंद पडला होता. पूरपट्ट्यात अजून एक उंच भराव पडला तर पाणी कुठे तुंबेल, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मोबदल्याच्या आकड्यात मिळत नाही.

आणि जंगलाचं काय?

शेताला सातबारा असतो. नोटीस येते, मालक हरकत घेतो. जंगलाच्या बाबतीत मालक सरकार आणि मागणारंही सरकार.

वनजमीन वळवायची तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते: आधी तत्त्वतः, अटी पूर्ण झाल्यावर अंतिम. बदल्यात दुसरीकडे झाडं लावायची. पर्यावरण मंजुरी वेगळी, आणि तिच्यासाठी जिल्हावार जनसुनावणी होते. तिथे जमीनमालक नसलेला माणूसही बोलू शकतो. वन हक्क कायद्यात ग्रामसभेची संमती महत्त्वाची मानली गेली, पण फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राने रस्त्यांसारख्या रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना त्या अटीतून सूट दिली.

मूळ आखणी आजरा, भुदरगडवरून आंबोली, गेळे आणि खाली बांद्याकडे जाते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथला एक भेक, 'आंबोली टोड', अतिसंकटग्रस्त आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या छोट्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. शेजारी तिलारी, आणि तिथून कर्नाटक-गोव्याकडे जाणारी वाघांची वाट. डोंगरातून बोगदे काढू, असं सांगितलं जातं. त्याने वरची झाडं वाचतात, पण बोगद्याची तोंडं, निघालेला दगड-मुरूम आणि डोंगराच्या पोटातले झरे हे प्रश्न उरतात. आखणी चंदगडकडे सरकली तरी शेवटी घाट उतरायचाच आहे.

नातेपुत्यात बसून आंबोलीची काळजी का करायची? इथल्या उसाला पाणी देणारा नीरा उजवा कालवा ज्या धरणांवर चालतो, ती भोरच्या सह्याद्रीत भरतात. माळशिरसच्या आभाळातून तेवढं पाणी कधीच पडलं नसतं. आंबोलीचं पाणी आपल्याकडे येत नाही, पण घाटावरच्या जंगलावर खालची शेती कशी जगते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग पुढचा नकाशा आला तर?

फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा: राजपत्रात गट नंबर आलाय का? कोणत्या कायद्याखाली? तारीख कोणती? या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो नुसता नकाशा आहे.

आणि राजपत्र निघण्याची वाट न बघता करता येण्यासारखं काम तलाठी कार्यालयात आहे. वारसनोंद करून घ्या. विहीर, बोअर, फळझाडं सातबारावर चढली आहेत का बघा. रस्ता आला नाही तरी हे कागद कामाचेच आहेत. आला, तर २१ दिवस ते गोळा करण्यात जाणार नाहीत, हरकत लिहिण्यात जातील.