एक ग्रह सापडला, एक नव्हताच

आमचे घर सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणारे. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री गच्चीवर वेळच वेळ असे. लहानपणी तिथेच मी वडिलांना विचारले होते, सूर्य सगळ्यांना ओढतो, तर ग्रह त्याच्यात पडत कसे नाहीत? उत्तर मला फार उशिरा कळले. ते पडतच असतात. पृथ्वी दर सेकंदाला आपल्या सरळ वाटेवरून सुमारे तीन मिलिमीटर सूर्याकडे पडते. मात्र तेवढ्यात ती तीस किलोमीटर पुढे गेलेली असते. हे पडणे आणि पुढे जाणे मिळून कक्षा होते.

पण ओढणारा एकटा सूर्य नाही. ग्रह एकमेकांनाही ओढतात, किंचित पण सतत. म्हणून एखाद्या ग्रहाची चाल बिघडली, की दुसऱ्या कोणाचा हात आहे का, हे पाहावे लागते.

युरेनसचे असेच झाले. विल्यम हर्षेल यांना तो १७८१ साली दिसला. (त्यांचा नातू जॉन हर्षेल १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी जमखंडीला आला होता, हे आपल्या बेळगावकरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) सूर्याभोवती एका फेरीला युरेनसला ८४ वर्षे लागतात. बुव्हार यांनी १८२१ मध्ये त्याच्या गतीची कोष्टके छापली, पण ग्रह कोष्टकाप्रमाणे चालेना. काही जणांना वाटले, इतक्या दूरवर न्यूटनचा नियमच लागू पडत नसेल.

नियम बरोबर होता. पलीकडच्या वाटेवर एक संथ चालीचा ग्रह होता. युरेनस त्याच्या मागे होता, तोवर तो युरेनसला पुढे ओढत होता. १८२२ च्या सुमारास युरेनसने त्याला ओलांडले आणि तीच ओढ मागे खेचू लागली. पॅरिसचे ल व्हेरिए आणि इंग्लंडचे ॲडम्स यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, या ओढीवरून ग्रहाची जागा काढली. ल व्हेरिए यांचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोचले. त्याच रात्री गाले आणि द'अरे यांना नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत.

लक्षणावरून न दिसणारे कारण ओळखणे हा आम्हा डॉक्टरांचाही धंदा, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. पण तिचा पुढचा भाग मला जास्त शिकवून गेला.

बुधाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तिचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही थोडे सरकणे शिल्लक राहते, असे ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये दाखवले. आजच्या मोजणीने ते शतकात ४३ विकला भरते, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चाळिसावा भाग. त्यांनी निदान जुनेच केले: बुधाच्या आत आणखी एक ग्रह असणार. लेस्कार्बो नावाच्या एका खेडेगावच्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले. हा गृहस्थ आकडेमोड लाकडी फळीवर करी आणि फळी भरली की रंध्याने तासून टाकी! ल व्हेरिए स्वतः त्याच्याकडे गेले आणि त्यांची खात्री पटली. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले.

व्हल्कन पुढे नक्की असा कोणालाच सापडला नाही. ल व्हेरिए २३ सप्टेंबर १८७७ रोजी वारले. तारीख तीच, नेपच्यूनची.

दोन सख्ख्या बहिणी माझ्याकडे येत. थोरलीच्या थकव्याचे मूळ थायरॉइडमध्ये निघाले, म्हणून धाकटीचेही तेच धरून मी महिनाभर घालवला. तिचे रक्त कमी होते. तेव्हापासून ल व्हेरिए यांना हसण्याचे धाडस मला होत नाही.

बुधाच्या बाबतीत नियमच अपुरा होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळ यांचेच वाकणे, असे धरून गणित केले आणि नेमक्या ४३ विकला आल्या. सूर्याजवळ हे वाकणे अधिक, म्हणून बुधात ते आधी दिसले. बाकीचे ग्रह यातून सुटलेले नाहीत. शुक्राच्या वाट्याला शतकात साडेआठ विकला येतात, आणि आपल्या पृथ्वीच्या जवळजवळ चार.