प्रवासातला व्यायाम आणि छंद

मोटारीने मुंबईहून गोव्याला निघालात, की रोजच्या व्यायामाची आणि छंदाची घडी मोडते. ‘परत आल्यावर पाहू,’ असे आपण म्हणतो, आणि राहिले ते राहूनच जाते! पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. पायांतले रक्त हृदयाकडे चढते, ते पोटऱ्यांच्या स्नायूंच्या रेट्याने. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसलात, की हा रेटा मंदावतो, घोटे सुजतात, आणि क्वचित् शिरेत रक्ताची गुठळी होते. ती फुप्फुसात पोचली, तर जिवावरचा प्रसंग!

उपाय मात्र सोपा. दर दोन तासांनी गाडी थांबवा, पाच-दहा मिनिटे चाला. मुक्कामी सकाळी बारा सूर्यनमस्कार घाला. त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते.

छंदही याच थांब्यांना जोडून द्या. पनवेलच्या पुढे कर्नाळ्याचे पक्षी-अभयारण्य रस्त्यालाच लागून आहे. दुर्बीण घेऊन तासभर हिंडलात, तर पाखरेही दिसतील नि पायही मोकळे होतील.

आणि हे सारे करूनही एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चोळत बसू नका. तडक डॉक्टर गाठा.