गाडीतून उतरलेली बॅटरी

विजेवरच्या स्कूटरची बॅटरी नव्याच्या मानाने 70-80 टक्क्यांवर आली, की एका चार्जमध्ये गाडी पूर्वीइतकी लांब जात नाही, चढावर जोर कमी पडतो आणि मालक नवी बॅटरी घेतो. उतरवलेल्या बॅटरीत मात्र बरंच काही शिल्लक असतं. 3 युनिट क्षमतेची बॅटरी 70 टक्क्यांवर आली तरी 2 युनिट वीज धरते. ती पूर्ण रिकामी न करता दीड युनिटच वापरायचं ठरवलं आणि एका मोबाईलला, वाया जाणारी वीज धरून, 25 वॅट-तास लागतात असं मानलं, तर एका भरणीत साठ मोबाईल चार्ज होतात. शिवाय मोबाईलचा भार अगदी हलका. चढावर स्कूटर 3 किलोवॅट ओढत असेल, तर दहा मोबाईल एकदम लावले तरी मागणी दीडशे वॅटच्या आसपासच राहते. म्हणजे प्रवाह वीस पटींनी कमी. सेलमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती चारशे पटींनी कमी. वय झालेल्या बॅटरीचा मोठा दोष म्हणजे वाढलेला अंतर्गत रोध, आणि नेमका तोच या कामात फारसा जाणवत नाही. छपरावर एखादं सौर पॅनेल असलं की दूरच्या पाड्यावर मोबाईलचं चार्जिंग केंद्र उभं राहायला एवढं पुरतं.

पण जुनी बॅटरी मिळाली आणि पॅनेलला जोडली, इतकं ते सोपं नाही. खरं काम आहे निवडीचं. 2014 मध्ये आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉप-बॅटऱ्यांपासून ‘ऊर्जार’ नावाचं उपकरण केलं होतं. अशा बॅटऱ्यांपैकी किमान 70 टक्के बॅटऱ्या एक एलईडी दिवा रोज चार तास, वर्षभर चालवू शकतील, असं त्यांना आढळलं. आशा वाढवणारा आकडा आहे, पण उरलेल्या बॅटऱ्या कोणत्या, हे वरून पाहून कळत नाही. त्यासाठी पॅक उघडायचा, हातात विद्युतरोधक मोजे घालून प्रत्येक सेलचा व्होल्टेज घ्यायचा, फुगलेले आणि गळलेले सेल तिथेच बाजूला काढायचे. मग सेल पूर्ण भरायचा, ठरावीक प्रवाहाने रिकामा करायचा आणि किती अँपिअर-तास निघाले ते मोजायचं. पुन्हा भरून काही दिवस नुसता ठेवायचा. ज्याचा व्होल्टेज आपोआप उतरतो, तो आतून बिघडलेला. ही शेवटची पायरी वेळखाऊ म्हणून गाळण्याचा मोह होतो, आणि धोका तिथेच शिरतो. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि साऱ्या ओळीला तिथेच थांबावं लागतं. संरक्षक सर्किट नसेल, तर तोच सेल मर्यादेबाहेर उतरतो आणि पुढच्या भरणीत तापतो. त्यातही लोह-फॉस्फेटचे सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा उष्णता अधिक सोसतात. घराजवळ ठेवायच्या पेटीत तेच असावेत, असं माझं ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप गरजेचा. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लेइसांगला वीज पोहोचली आणि देशातलं प्रत्येक गाव जोडलं गेल्याचं सरकारने जाहीर केलं. मग हा खटाटोप कशासाठी? कारण गावात तार आली म्हणजे दूरच्या पाड्यावर भर पावसात वीज टिकली असं होत नाही. आणि अडचण नेमकी तेव्हाच होते. खरिपाची ई-पीक पाहणी मोबाईलवर, बँकेचा ओटीपी मोबाईलवर, वीज पडण्याचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅपही मोबाईलवरच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवी बॅटरीच स्वस्त झाली आहे. 2024 मध्ये पॅकचा जागतिक सरासरी भाव किलोवॅट-तासाला 115 डॉलरवर आला. एकेक सेल सुटा करून, तपासून, नव्याने जोडण्याची मजुरी धरली तर जुन्यातला फायदा झपाट्याने आटतो, हे मान्यच करायला हवं. मात्र यातून जुनी बॅटरी मोडीत काढावी असं निघत नाही. चांगल्या स्थितीतला पॅक न फोडता, त्याच्याच संरक्षक सर्किटसह अखंड वापरावा, असं निघतं.

इथे अडचण तंत्राची कमी आणि कुलपाची जास्त आहे. बॅटरीने किती फेरे केले, किती तापली, कोणता सेल मागे पडतोय, ही माहिती सर्किटमध्ये साठलेली असते. पण बहुतेकदा ती कंपनीच्याच यंत्राला वाचता येते. युरोपीय संघाच्या 2023 च्या नियमावलीनुसार फेब्रुवारी 2027 पासून विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागेल. आपल्याकडे 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी गोळा करण्याची आणि पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्याच्या जोडीला ही नोंद तपासणाऱ्याला खुली करण्याची सक्ती हवी. दिवसांची चाचणी त्यामुळे तासांवर येईल. आणि तपासलेला पॅक पाड्याला विकू नये, भाड्याने द्यावा. बचत गटाने केंद्र चालवावं, पॅक पुरवणाऱ्याने ठरावीक काळाने क्षमता मोजावी आणि ती निम्म्यावर आली की बॅटरी स्वतः परत न्यावी. ती विकून टाकली, तर तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचा खर्च आणि धोका ज्यांच्याकडे साधा मल्टिमीटरही नाही त्यांच्या अंगावर पडतो.