पाऊण किलोची लेन्स, तिच्यामागे टेलिकन्व्हर्टर: झूम वाढतो, पण कशाच्या बदल्यात?

तारेवर खंड्या बसलेला दिसतो. आपण मोबाइल काढतो, स्क्रीनवर दोन बोटं ताणतो, १०एक्स, ३०एक्स, आणि शेवटी गॅलरीत सापडतो एक निळसर डाग. हे तुमच्यासोबत झालंय, माझ्यासोबतही झालंय. म्हणून २०२५ मध्ये व्हिवोने एक्स२०० अल्ट्रासोबत झाइसचा २.३५एक्स टेलिकन्व्हर्टर आणला, तेव्हा आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने लगेच विचारलं, "दादा, हे लावलं की झूम दुपटीच्या वर जातो ना? मग मोठ्या लेन्स लोक घेतात कशाला?"

झूम जातो, खरंय. पण त्याच्या बदल्यात काय जातं, ते मला एक टेलिकन्व्हर्टर विकत घेतल्यावर कळलं. मोबाइलचा नव्हे, कॅमेऱ्याचा.

आधी खांद्याची गोष्ट

मी पुण्यात कोड लिहितो, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. रविवारी भिगवणला जातो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात, आणि कुंभारगावहून मच्छीमारांच्या नावेतून ते बघता येतात. माझ्याकडे तेव्हा १५०-६०० मिमीची झूम लेन्स होती, नुसती लेन्सच दोन किलोच्या आसपास. नाव हलते, त्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग शून्य. सगळं हातावर. दोन सीझन काढले आणि उजवा खांदा धरला. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, एकतर वजन सोड नाहीतर छंद सोड.

मी लेन्स विकली आणि सेकंडहँडमध्ये निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ घेतली. वजन ७५५ ग्रॅम. तिच्या आधीची ३०० मिमी एफ/४ लेन्स १४४० ग्रॅमची होती. मग निम्मं वजन गेलं कुठे?

नेहमीची काच निळा प्रकाश जास्त वाकवते, लाल कमी. त्यामुळे कडांना रंगीत किनार येते आणि ती घालवायला लेन्समध्ये आणखी काचा घालाव्या लागतात. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. दीपगृहांच्या दिव्यासाठी पायऱ्या-पायऱ्यांची भिंगं बनवणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं, ऑगस्टिन फ्रेनेलचं, हे नाव. या लेन्समध्ये एका काचेवर अतिशय बारीक गोलाकार पायऱ्या आहेत. त्या प्रकाशाला विवर्तनाने वळवतात, आणि विवर्तनात गणित उलटं असतं: लाल जास्त वळतो, निळा कमी. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, जास्तीच्या जड काचा लागत नाहीत. कॅननने हीच कल्पना २००१ मध्ये ४०० मिमीच्या डीओ लेन्समध्ये वापरली होती. निकॉनची ३०० मिमी २०१५ ची.

तोटा? आहे. फ्रेममध्ये झगझगीत उजेड आला की त्याच्याभोवती रंगीत कडी दिसते. सूर्य समोर असताना पाण्यावर चमकणाऱ्या ठिणग्यांचे फोटो या लेन्सने काढताना जपून.

३०० पुरत नाही

लेन्स हलकी झाली, पण ६०० चे ३०० झाले. पक्ष्यांसाठी हे फार कमी आहे. नाव आणखी पुढे घ्यायला सांगावं, तर आमचे नावाडी काका ऐकत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. "आता फुडं नको, समदे उठतील," एवढंच म्हणतात आणि वल्हं आत घेतात. एकदा थवा उठला की त्या पक्ष्यांचं खाणं थांबतं, आणि मागच्या नावांनाही काही दिसत नाही. म्हणजे अंतर तेवढंच राहणार, जे काही करायचं ते कॅमेऱ्याच्या बाजूनेच.

थोडा हिशोब करू. कवड्या खंड्या साधारण २५ सेंटिमीटरचा. तो २५ मीटरवर बसला असेल तर ३०० मिमी लेन्स सेन्सरवर त्याची ३ मिलिमीटरची प्रतिमा पाडते. माझ्या डी५०० चा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि ५५६८ पिक्सेलचा आहे, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला आले जेमतेम ७०० पिक्सेल. १.४एक्स टेलिकन्व्हर्टर लावला की लेन्स ४२० मिमीची होते, पक्षी ४.२ मिलिमीटरचा, पिक्सेल हजाराच्या जवळ. २एक्स लावला तर ६०० मिमी, पक्षी ६ मिलिमीटरचा, पिक्सेल १४०० च्या वर.

कागदावर २एक्सच जिंकतो. मी पण तोच घेतला. बोनस नुकताच झाला होता, दुसरं काय!

उजेडाचं बिल

कॅमेऱ्याचा टेलिकन्व्हर्टर लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसतो. त्यातल्या काचा लेन्समधून येणारा प्रकाशाचा शंकू ताणून मोठा करतात. नवा प्रकाश कुठून येत नाही, असलेलाच जास्त जागेवर पसरतो, पोळी तेवढीच पण जास्त लाटलेली. एफ-नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले लेन्सच्या तोंडाची रुंदी. ३०० भागिले ७५ म्हणजे ४. आता ७५ तेच राहिलं आणि वरचा आकडा ४२० झाला, तर एफ/५.६. ६०० झाला, तर एफ/८. एफ/५.६ ला उजेड निम्मा, एफ/८ ला पाव. आधी आयएसओ ४०० ला जमत होतं तिथे त्याच शटर स्पीडला १६०० लागणार.

शिवाय टेलिकन्व्हर्टर जे काही मोठं करतो त्यात लेन्सची चूक आणि हाताची थरथरही असते.

जानेवारीत संध्याकाळी साडेपाचला एक ऑस्प्रे, मासे मारणारा शिकारी पक्षी, आमच्या नावेसमोर पाण्यात झेपावला आणि मासा घेऊन वर आला. मी दोन वर्षं ह्याची वाट बघत होतो. कॅमेऱ्यावर २एक्स होता. डी५०० ला १५३ फोकस पॉइंट आहेत, पण एफ/८ ला त्यातले १५ च चालतात, तेही मंद उजेडात अडखळत. फोकस पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ऑस्प्रे निघून गेला. माझ्याकडे बावीस फोटो आहेत, बावीसही फोटोंत मागची बाभूळ शार्प आहे.

काका फक्त म्हणाले, "घावला का?"

मग आता काय वापरतो

१.४एक्स. वजन १९० ग्रॅम. कॅमेरा, लेन्स आणि हा, सगळं मिळून १८०५ ग्रॅम, म्हणजे माझ्या जुन्या नुसत्या झूमपेक्षा कमी. ४२० मिमी एफ/५.६ ला फोकस झटपट बसतो आणि लेन्स मुळात शार्प असल्याने फरक मॉनिटरवर १०० टक्के मोठं करून बघितलं तरच जाणवतो. नुसतं क्रॉप केलं असतं तर २०.९ मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरले असते. तेवढ्यासाठी एक स्टॉप उजेड द्यायला मी तयार आहे.

२एक्स विकलेला नाही. सकाळचं स्वच्छ ऊन, पक्षी बसलेला, अंतर कमी, एवढं जुळलं तर तो छान चालतो. उन्हं तापली की मात्र पाण्यावरची गरम हवा थरथरते आणि मग ६०० काय, ९०० मिमी लावली तरी फोटोत ती थरथरच मोठी होऊन येते. 'शार्प येत नाही' म्हणून लेन्सला शिव्या घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी आधी घड्याळ बघावं. नऊच्या पुढे लांबचे फोटो मी काढतच नाही.

घेणार असाल तर दोन गोष्टी. डीएसएलआर असेल तर लेन्स एकटी आणि लेन्स-अधिक-कन्व्हर्टर अशा दोन्ही जोड्यांचं फोकस फाइन-ट्यूनिंग वेगवेगळं करावं लागतं. मी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून एक अख्खी दुपार घालवली, आणि १.४एक्सचा आकडा लेन्सच्या आकड्यापेक्षा बराच वेगळा निघाला. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे ही कटकट तिथे जवळपास नसते आणि एफ/८ चा बाऊही कमी. दुसरं म्हणजे, टेलिकन्व्हर्टर कुठल्याही लेन्सला बसत नाही. त्याची पुढची काच लेन्सच्या पोटात शिरते. किटसोबत आलेल्या ७०-३०० ला जबरदस्तीने लावायला जाल तर काचेवर काच आपटेल. कंपनीची यादी बघूनच घ्या. आणि तो काठावरच लावून घ्या. हलत्या नावेत सेन्सर उघडा ठेवून लेन्स बदलणं मी एकदा केलंय, पुन्हा नाही.

राहिला ज्युनिअरचा प्रश्न. मोबाइलचा टेलिकन्व्हर्टर मागे नाही, लेन्सच्या पुढे बसतो. त्याची पुढची काच मोबाइलच्या लेन्सपेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे वरच्या भागाकारात फोकल लेंग्थसोबत तोंडाची रुंदीही वाढते आणि एफ-नंबर फारसा ढळत नाही. या बाबतीत तो माझ्यापेक्षा हुशार सौदा आहे. एक्स२०० अल्ट्राचा ८५ मिमीचा कॅमेरा त्याने साधारण २०० मिमीचा होतो. बागेतल्या बुलबुलाला, खिडकीतल्या चिमणीला पुरेल. माझा ४२० मिमीचा सेट त्याच मोजपट्टीने ६३० मिमीचा भरतो, तरी भिगवणचा ऑस्प्रे त्यात लहानच दिसतो.

त्याला म्हटलं, घेण्याआधी एकदा रविवारी चल, माझा कॅमेरा हातात धरून बघ. पहाटे साडेचारला निघावं लागेल म्हटल्यावर अजून उत्तर आलेलं नाही.